मामंजींची जर्मन रेकॉर्ड

परवा बारामतीत नातीनं मोबाईलवर कसलंसं जुनं जर्मन संगीत लावलं. ऑर्गनचे पहिले सूर कानावर आले आणि माझी भाजी निवडायची राहिली. ही रेकॉर्ड मी ओळखत होते.

लग्न होऊन कळंबला आले, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, कारखान्यात फिटर. मशीन बसवायला आलेल्या एका जर्मन इंजिनिअरनं जाताना त्यांना ती रेकॉर्ड दिली होती. घरात सगळे तिला भुताचं गाणं म्हणायचे, म्हणून ती कपाटातच पडून असे. मामंजींच्या वस्तूला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

एका दुपारी घरात कुणी नसताना मी ती रेकॉर्ड प्लेअरवर लावली. शब्द जवळजवळ नव्हतेच. भजनाची पेटी कुणी देवळाएवढी मोठी केली असावी, तसे सूर एकावर एक चढत गेले. मी फरशीवर बसूनच राहिले.

वळून पाहिलं तर दारात मामंजी. शिफ्ट लवकर सुटली होती. पदर सावरत मी सुई उचलायला धावले.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तुला आवडलं व्हय?"

"हो," मी कसंबसं म्हणाले.

चपला काढून ते भिंतीला टेकून बसले. "मग पयल्यापासनं लाव."

रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत आम्ही दोघं ऐकत बसलो. तेव्हा वाटलं, सुटले बाई, बोलणी बसली नाहीत. आता त्यांच्या वयाची झाल्यावर कळतं, त्या दुपारी माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त हायसं वाटलं असणार. इतक्या वर्षांत ते गाणं ऐकायला त्यांच्याजवळ पहिल्यांदाच कुणीतरी बसलं होतं.