खिडकीखालची स्कूटर

वाशीच्या आमच्या फ्लॅटमध्ये गॅस आला आणि रॉकेलच्या स्टोमुळे आईला लागलेला खोकला हळूहळू थांबला. पुढे ऐंशीच्या दशकात बाबांनी स्कूटर घेतली. आम्ही तळमजल्यावर राहत होतो. पावणे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात जायला निघण्याआधी बाबा रोज स्वयंपाकघराच्या खिडकीखाली स्कूटर बराच वेळ चालू ठेवत. निळसर धूर घरात शिरायचा. आई नाकाला पदर लावायची, पण कधी काही बोलली नाही.

एका सकाळी तिला श्वासच घेता येईना. डॉक्टरांनी विचारलं, "अजून स्टोवरच स्वयंपाक करता का?"

आईने बाबांकडे पाहिलं. मीच म्हणाले, "नाही, स्कूटरचा धूर येतो."

बाबांचा चेहरा उतरला. घरी येताना त्यांनी आईला विचारलं, "इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"किती हौसेनं घेतलीत तुम्ही," ती म्हणाली.

बाबांनी स्कूटर विकली आणि ते कंपनीच्या बसने जाऊ लागले. पण सोसायटीत तोवर बऱ्याच स्कूटर आल्या होत्या. बाबा प्रत्येकाच्या दारी जाऊन, गाडी गेटबाहेर नेऊन सुरू करा, अशी विनंती करून आले. काहींनी ऐकलं, काही नुसते हसले. आईचा दमा मात्र शेवटपर्यंत गेला नाही.