दादाचा निळा दगड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — आणि खरं तर तिलाच सांगायला हवं होतं. तुम्हाला सांगतोय, पण तोंड वाकडं करायचं असेल तर आत्ताच करून घ्या.

थोरला दादा राजस्थानात, वाळवंटातल्या तांब्याच्या खाणीवर नोकरीला. वर्षाकाठी चार दिवस यायचा. एकदा त्यानं खाणीतला दगड आणला — निळाशार, कडेला हिरवा, मोराच्या गळ्यासारखा. आईनं तो थेट देवघरात ठेवला, हळदकुंकू वाहिलं. आणि मी? पारनेरात घरी राहून तिची दुखणीखुपणी काढणारा. विहिरी खोदताना निघणारे स्फटिक मी साफ करून विकायचो. त्यातला चांगला आईला दिला, तर म्हणाली, "ठेव तिकडं, गारगोटीच हाय." सांगा, जळणार नाही माणूस? मी जळलो. लई जळलो. त्याची लाज मला आजही वाटत नाही.

स्फटिकावरचा पांढरा थर काढायला आम्ही तो ॲसिडात बुडवतो. थर फसफसून विरघळतो, स्फटिकाला काही होत नाही. दादाचा दगड मात्र त्या थराच्याच जातीचा. मला ते माहीत होतं — चुकून झालं म्हणायची सोयच नाही! घट बसायच्या आदल्या दुपारी, आई झोपलेली असताना, मी तो ॲसिडाच्या टबात सोडला. फेस आला, पाणी हिरवं झालं. बाहेर काढला तर भिकार, खड्डे पडलेला धोंडा. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? तसाच नेऊन जागेवर ठेवला.

दगडाचं मला काही नाही.

पण त्याच सकाळी मंदानं, माझ्या बायकोनं, देव चिंचेनं घासले होते. आई किंचाळली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "हिची चिंच लागली असंल." निघालं? — छे, मी म्हणालो. "माझ्या लेकाचा दगुड खाल्लास गं तू!" आई म्हणाली, आणि मंदाला पुन्हा देवघराला हात लावू दिला नाही. सणासुदीला घरची सून दाराबाहेर उभी, शेजारणी बघतायत. आणि मी तिथंच चहा पीत बसलेला.

आई गेली. आता अडवणारं कुणी नाही, तरी मंदा देवांना शिवत नाही. देव मीच घासतो, चिंचेनं. आत जाऊन तिला सांग, म्हणाल. ती स्वयंपाकघरातच आहे, माहीत आहे मला.

त्या दिवशी ती एकदाच बोलली होती, "अहो, म्या न्हाई केलं." आईकडे नाही — माझ्याकडे बघून. मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो.