परमिटवरचा महाकाय शिंपला

बाळाराम सूट चढवून काठावर बसला होता आणि परमिट माझ्या हातात होतं. परमिट म्हणजे काम सुरू करायची लेखी परवानगी. त्यात कामातले धोके लिहिलेले असतात आणि प्रत्येक धोक्यासमोर उपाय. पहिल्याच रकान्यात इंग्रजीत होतं, 'महाकाय शिंपला. डायव्हर अडकून जिवाला धोका.' समोर उपाय, 'शिंपल्यात पाय घालू नये. सोबत चाकू बाळगावा.'

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आम्ही बदलापूरच्या बाहेर उल्हास नदीच्या काठावर उभे होतो. समोर जलपर्णी होती, पलीकडे एक म्हैस डुंबत होती. तिला कोणी सावध केलं होतं की नाही, कोण जाणे.

मी सव्वीस वर्षं डायव्हर होतो. बंदरं, जहाजांचे तळ, धरणांची दारं, सगळीकडे बुडून झालं. आता खांदा साथ देत नाही, म्हणून वर थांबून सुपरवायझरचं काम करतो. खाली उतरतो बाळाराम. नदीकाठच्याच गावातला, पन्नाशीचा, माझ्याबरोबर गेली बारा वर्षं. त्याच्या मास्कला हवेची नळी आणि फोनची वायर असते. दोन्हींची वरची टोकं माझ्याकडे.

काम होतं अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीच्या जॅकवेलचं. जॅकवेल म्हणजे नदीकाठची खोल विहीर. नदीचं पाणी कालव्याने तिच्यात येतं आणि पंप ते उपसून कारखान्याकडे पाठवतात. पाणी विहिरीत शिरतं तिथे लोखंडी जाळी असते. ती कचऱ्याने तुंबली होती. बाळारामने खाली जाऊन ती मोकळी करायची, बस.

आता शिंपल्याचं सांगतो. बुवापाड्यात आमच्या बिल्डिंगमध्ये मी डायव्हर आहे म्हटल्यावर पहिला प्रश्न शार्कचा येतो आणि दुसरा या शिंपल्याचा. पाय धरतो म्हणे, आणि माणूस बुडेपर्यंत सोडत नाही. जुन्या काळी आरमारांच्या पुस्तकांतही त्यातून सुटायची पद्धत छापलेली असायची. मी तो प्राणी जवळून पाहिलाय. पूर्वेकडच्या समुद्रात एका जहाजाच्या कामावर होतो तेव्हा. लग्नातल्या भाताच्या पातेल्याएवढा होता. माझी सावली पडली तसा तो मिटायला लागला, पण इतक्या सावकाश की तेवढ्यात मी वर जाऊन चहा पिऊन आलो असतो. तेही अर्धवटच, कारण पूर्ण वाढ झालेल्या या शिंपल्याला धड मिटताही येत नाही. मांस मध्ये येतं. अंगातल्या शेवाळाच्या जोरावर बिचारा बराचसा उन्हावर जगतो. त्याने कुणा डायव्हरला मारल्याची खात्रीची नोंद मला तरी कुठे सापडलेली नाही.

डायव्हरला मारतो तो पंप. टाकीच्या तळाचं बूच काढून भोकावर तळहात ठेवून बघा. कसा चिकटतो? जॅकवेलच्या जाळीपाशी पंप सुरू झाला की पूर्ण माणूस तसा चिकटतो. वरून चार जणांनी ओढला तरी निघत नाही. माझा खांदा तिथेच गेला. एका बंदरात कोणीतरी न विचारता पंप सुरू केला होता. त्या दोन मिनिटांची भीती मला अजून वाटते आणि ते सांगायला लाज वाटत नाही. म्हणून पंपाला कुलूप लागून किल्ली माझ्या खिशात आल्याशिवाय मी कुणालाही पाण्यात सोडत नाही.

परमिटवर पंपाचं नावच नव्हतं.

मी सेफ्टी ऑफिसर मयेकरला विचारलं. हा मालवणकडचा, राहायला बदलापूर ईस्टला. कामाला प्रामाणिक. म्हणाला, जुनं मराठी रजिस्टर होतं, हेड ऑफिसने इंग्रजी फॉर्म मागितला, भाषांतर मीच केलं. मी रजिस्टर मागवलं. रिटायर झालेल्या सुपरवायझरच्या टपोऱ्या अक्षरात दोन ओळी होत्या. 'येथे मोठे कालवे. पाणबुड्या अडकून जिवाला धोका. दोन्ही पंप बंद ठेवावेत.'

मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. कालवा, अनेक कालवे. नदीपासून विहिरीपर्यंत दोन मोठे कालवे येतात, त्यांच्याबद्दल तो बिचारा लिहून गेला होता. मयेकरच्या गावी खडकावरची कालवं, म्हणजे शिंपले, फोडून आमटी करतात. त्याला कालवे म्हटल्यावर शिंपलेच दिसले. त्यात मोठे, म्हणजे महाकाय.

"आणि पंपाची ओळ?" मी विचारलं.

"ती काढली, काका. शिंपल्याचा आणि पंपाचा काय संबंध?"

म्हणजे चुकीचा धोका ठेवला आणि बरोबर उपाय उडवला. मी त्याला कालव्याचा अर्थ समजावायला गेलो, तर तो समजूतदारपणे हसला. "काका, आमचं घर समुद्राला लागून आहे. कालवं मला नका शिकवू."

मग मी चंदानी साहेबांना गाठलं. हे प्रोडक्शन मॅनेजर, उल्हासनगरहून येतात. परमिटवर शेवटची सही त्यांची. मी दोन्ही पंप बंद करायचे म्हटल्यावर ते एकदम ताठ झाले. एक पंप चालू आणि दुसरा स्टँडबाय, हा त्यांचा धर्म होता. कारखान्याच्या टाकीत तीन तासांचं पाणी होतं आणि आमचं काम दीड तासाचं, हे मी सांगून पाहिलं.

"साई, फॉर्ममें पंप किधर है?" ते म्हणाले. "नया धोका डालना है तो हेड ऑफिसची मंजुरी लागेल. पंधरा दिवस. तब तक माझी जाळी कोण साफ करणार?"

"आणि जुन्या धोक्यावर उपाय वाढवायचा असेल तर?"

"वो साइटपे चलेगा. मी सही करतो."

बाळाराम काठावरून सगळं ऐकत होता. "दादा," तो म्हणाला, "शिंपल्याचं राहू दे. त्यो पंप बंद हाय का नाय, तेवढं सांग. नायतर मी हा सूट उतरवतो."

बारा वर्षांत त्याने पहिल्यांदा असं म्हटलं. मी पेन काढलं आणि शिंपल्यासमोरच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'पंपाच्या कंपनाने शिंपला बिथरून मिटण्याची शक्यता. डायव्हर पाण्यात असेपर्यंत दोन्ही पंपांना पॅनेलवर कुलूप. किल्ली सुपरवायझरकडे.'

चंदानींनी वाचलं, मान डोलावली आणि सही केली. वर मलाच सुनावलं की एवढी महत्त्वाची गोष्ट आधी सांगायला हवी होती. मयेकरने तर माझ्याकडे आदराने पाहिलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा आदर मला खरं बोलून कधी मिळाला नव्हता.

दोन्ही पंपांना कुलूप लागलं. बाळाराम उतरला.

काम दीड तासाचं होतं, पण जाळीत जलपर्णीबरोबर एक आख्खी गोधडी आणि दोन साड्या पिळून बसल्या होत्या. कापून कापून काढायला लागलं. तीन तास झाले. कारखान्याची टाकी खाली गेली आणि तिकडच्या ऑटोमॅटिक यंत्रणेने आपलं काम केलं, स्टँडबाय पंपाला सुरू व्हायचा हुकूम सोडला. पंप अर्थातच सुरू झाला नाही. कंट्रोल रूमने चंदानींना फोन केला. चंदानी इलेक्ट्रिशियनला घेऊन पॅनेल रूमपाशी आले आणि म्हणाले, कुलूप तोडा.

माझ्या एका हातात बाळारामची नळी होती, दुसऱ्या हातात फोन. मी जागचा हलू शकत नव्हतो. पॅनेल रूमचं दार तेवढं दिसत होतं. फोनवर बाळारामचा श्वास ऐकू येत होता आणि तो जाळीला खेटून शेवटची साडी ओढतोय, हे मला ठाऊक होतं. मी त्याला लगेच वर यायला सांगितलं, पण जाळीपासून सुटून यायलाही वेळ लागतो.

दारात मयेकर आडवा उभा राहिला. बारीक अंगाचा माणूस, हेल्मेट त्याला मोठं होतं.

"साहेब, कुलूप तोडायचं नाही," तो म्हणाला. "पंप हादरला आणि शिंपला मिटला तर? परमिटवर सही तुमची आहे."

चंदानी थांबले. इलेक्ट्रिशियनने हातोडी खाली ठेवली. माणूस मरेल या शब्दाला प्रोडक्शनमध्ये वजन नसतं. सहीला असतं. प्लांट वीस मिनिटं बंद राहिला. कुणाचं काही बिघडलं नाही.

बाळाराम वर आला. मास्क काढून त्याने मयेकरच्या हातावर काहीतरी ठेवलं. नदीतली शिंपली होती, अंगठ्याच्या नखाएवढी. "साहेब, हा बघा तुमचा राक्षस. लय झुंजला," तो म्हणाला.

मयेकरने ती शिंपली उलटसुलट करून पाहिली. मग स्वतःहून कालव्याच्या काठापर्यंत चालत गेला, दोन्ही कालवे पाहिले आणि रजिस्टर उघडून त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "काका, मी ती ओळ काढली होती," एवढंच म्हणाला. मला त्याचा राग येईना. अर्थ चुकला होता खरा, पण दारात उभा तोच राहिला होता.

तो म्हणाला, फॉर्म दुरुस्त करतो. मी म्हटलं, हात लावू नकोस. दुरुस्ती हेड ऑफिसला जाईल, तिथे कोणीतरी हुशार माणूस पुन्हा संबंध शोधेल आणि पंपाची ओळ उडवेल. शिंपला राहू दे.

तो राहिलाय. इतकंच नाही, हेड ऑफिसला उपाय फार आवडला आणि फॉर्म सगळ्या कारखान्यांना गेला. त्यांच्या एका प्लांटला पाणी टँकरने येतं. तिथेही भिंतीवर शिंपल्याचा रंगीत बोर्ड आहे, असं मयेकर सांगतो. इकडे प्रत्येक कामाआधी पंपाला कुलूप लागतं आणि ते मयेकर स्वतः ओढून बघतो.

महाकाय शिंपल्याने डायव्हरला मारल्याची खात्रीची नोंद नाही, हे मी वर सांगितलंच. वाचवल्याची एक आहे. चंदानींच्या सहीसकट.