काकांचे पाच प्रश्न

काकांचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. शहरातली निम्मी माणसं त्यांच्या भरवशावर वर-खाली करतात, पण त्यांना कोणी ओळखत नाही. ओळखतात ते मैदानावर. बावीस वर्षं झाली, रग्बी क्लबमध्ये चुन्याच्या रेषा मारायच्या काकांनी, चिखलाने माखलेल्या जर्सी घरच्या मशीनमध्ये धुवायच्या काकांनी, मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी टॅकल, म्हणजे पळत्या माणसाला कवटाळून पाडणं, शिकवायचं तेही काकांनीच. पगार म्हणाल तर शून्य. काकू पहिली दहा वर्षं भांडल्या, पुढची दहा हसल्या. हल्ली एवढंच म्हणतात, "लष्कराच्या भाकऱ्या भाजून झाल्या असतील तर न्हाणीघरातला बल्ब गेलाय, तेवढा बघा."

काका सगळ्यांना 'पोरं' म्हणतात, पण आहेत सगळे बाप्ये. एक खाटीक, एक पोस्टमन, दोन शाळामास्तर, एक चष्म्याच्या दुकानवाला, ज्याला चष्म्याशिवाय चेंडू दिसत नाही आणि चष्मा घालून खेळता येत नाही. आणि एक वेल्डर. हा वेल्डर सहा वर्षांपूर्वी आपणहून आला. तीन मंगळवार मैदानाच्या दोरीपाशी नुसता उभा राहिला, चौथ्या मंगळवारी पुढे येऊन म्हणाला, "काका, मी नवीन आहे, पण एकदा घेऊन बघा ना." काकांनी त्याला टीममध्ये घेतलं आणि दोन वर्षांनी त्याने काकांची मुलगी नेली. पोस्टमन अजून हे सांगून हसतो. लग्न झाल्यापासून वेल्डर काकांना मैदानावरसुद्धा बाबा म्हणतो. काकांचीच पंचाईत होते. घरी जेवायला बसला की "जावईबापू, घ्या ना अजून," आणि मैदानावर "अरे ए, पाठ सरळ ठेव, किती वेळा सांगायचं."

आता त्या पाच प्रश्नांचं सांगायला हवं, कारण घोडं तिथेच पेंड खातं.

कधीतरी एका दिवसाच्या शिबिरात काका शिकून आले होते की डोक्याला मार बसलेल्या माणसाला पाच प्रश्न विचारायचे. आपण कुठल्या मैदानावर आहोत? हाफ पहिला की दुसरा? शेवटचे गुण कोणी केले? मागचा सामना कोणाशी होता? जिंकलो की हरलो? एक जरी उत्तर चुकलं तरी माणूस बाहेर. काकांनी ते कार्डावर लिहून गळ्यात अडकवलं आणि बावीस वर्षं तेच पाच, त्याच क्रमाने विचारले. शब्दसुद्धा बदलला नाही. साहजिकच पोरांनी उत्तरं पाठ केली; हाफ आणि गुण अंदाजाने 'दुसरा' आणि 'त्यांचे', आणि बहुतेकदा ते खरंही निघायचं. सामन्याआधी कपडे बदलताना पोस्टमन पाढ्यासारखी म्हणून घ्यायचा आणि बाकीचे बुटांच्या नाड्या बांधत मागून म्हणायचे. काकांना हे दाराबाहेर ऐकू यायचं. त्यांना त्याचं कौतुक वाटायचं. एवढी वर्षं लिफ्टचे ब्रेक तपासणाऱ्या माणसाला कळू नये की पाठ केलेलं उत्तर म्हणजे तपासणी नव्हे? पण नाही कळलं. आपलं ते आपलं, त्यात खोट दिसत नाही.

या मोसमात क्लबची पार दैना झाली होती. लीगचा नियम असा की स्क्रमच्या पहिल्या रांगेला शिकलेले तिघे हवेतच. स्क्रम म्हणजे आठ विरुद्ध आठ, डोकी आणि खांदे भिडवून ढकलायचं, आणि सगळा भार पहिल्या तिघांच्या मानेवर. तिथे अडाणी माणूस उभा केला तर मान मोडेल. म्हणून तिघांतला एक जरी कमी पडला तरी सामना सोडून द्यायचा, आणि एका मोसमात तीन सामने सोडले की क्लबचं नाव लीगमधून कट. काकांकडे शिकलेले बरोबर तीन होते: खाटीक, पोस्टमन आणि मधे जावई. चौथा परगावी नोकरीला गेला. दोन सामने सोडून झाले होते. नाव कटलं की मैदान जाणार हे पक्कं होतं, कारण पालिकेला तिथे गाड्या उभ्या करायच्या होत्या. मोजणीचे खुंटसुद्धा ठोकून गेले होते. काका रोज सकाळी कामावर जाताना ते खुंट बघायचे. "मी मेल्यावर काय करायचं ते करा," असं ते एकदा त्या खुंटांनाच म्हणाले.

शेवटचा सामना रविवारी दुपारी. हरलं तरी चालणार होतं, फक्त पुरा व्हायला हवा होता. मुलगी दोरीपाशी पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट घेऊन बसली होती. सहावा महिना, तरी ऐकत नाही. बापाच्या वळणावर गेलेली.

अकरा मिनिटं उरली होती तेव्हा जावई टॅकल करायला वाकला आणि समोरच्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. आवाज दोरीपर्यंत आला. काका धावले. जावई तोवर उठून बसला होता, डोळे उघडे, चेहरा शांत. काकांनी कार्डाकडे न बघताच सुरुवात केली.

"कुठलं मैदान?"

"आपलंच."

"हाफ?"

"दुसरा."

"शेवटचे गुण?"

"त्यांचे."

"मागचा सामना कोणाशी?"

"गिरणीवाले."

"जिंकलो की हरलो?"

"हरलो."

भराभर आली उत्तरं, एक अडखळ नाही. पण मागचा सामना बंदरवाल्यांशी होता आणि तो काकांचा क्लब जिंकला होता. अख्ख्या मोसमातला एकमेव विजय. जावयाने त्या दिवशी काकांना खांद्यावर घेतलं होतं. तो विजय विसरणं शक्यच नव्हतं. गिरणीवाले त्याच्या आधीचे.

अशा सामन्यांना डॉक्टर नसतो. रेफरी काकांच्या हाताकडे बघतो, अंगठा वर की नाही. काकांच्या मनात काय काय आलं. पाचात तीन बरोबर, म्हणजे पास. जीभ घसरली असेल. जिभेला काय हाड असतं? अकराच मिनिटं आहेत. आणि ते खुंट आठवले. माणूस डोळ्यांवर कातडं ओढतो तेव्हा त्याला पक्कं ठाऊक असतं आपण काय करतोय ते. काकांनी अंगठा वर केला.

परत येताना मुलीने विचारलं, "बाबा, बरा आहे ना तो?"

"पाचही बरोबर सांगितली," काका म्हणाले.

ती निर्धास्त होऊन बाटल्या भरायला लागली. हा माणूस तिच्याशी उभ्या जन्मात खोटं बोलला नव्हता, मग ती कशाला शंका घेईल.

पुढच्या चार मिनिटांत दोन स्क्रम झाले. दोन्ही वेळा ती डोकी भिडल्याचा आवाज काकांनी ऐकला. तिसरा स्क्रम लागला तेव्हा जावई चालत गेला आणि समोरच्या टीमच्या रांगेत जाऊन उभा राहिला. खांद्यावर हात टाकायला माणूस शोधत होता. लोक हसले. खाटीकही हसला. काका मात्र रेषा ओलांडून धावत सुटले.

त्यांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. कार्ड गळ्यात लोंबत होतं, त्याचा आता उपयोग नव्हता.

"घरी कोण आहे रे तुझ्या?"

"आई आहे."

"अजून?"

"अजून कोण असणार?" जावई नम्रपणे हसला. मग म्हणाला, "काका, मी नवीन आहे, पण एकदा घेऊन बघा ना."

दोरीपाशी त्यांची मुलगी उठून उभी राहिली होती, एक हात पोटावर. काकांनी रेफरीकडे बघून दोन्ही हात छातीशी फुली मारून धरले. सोडला. सामना सोडला. बावीस वर्षं तिथेच संपली आणि काकांना त्याचं काही वाटलं नाही. चार मिनिटं आधी हेच हात असे धरले असते तर, एवढं एकच डोक्यात घण घालत होतं.

इस्पितळात पडद्यापलीकडे जावई आणि अलीकडे बाकावर बापलेक. बाटल्यांचा क्रेट कोणीतरी तिच्या पायाशी आणून ठेवला होता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला स्पष्ट. मेंदूत रक्तस्राव दिसतोय, शस्त्रक्रियेची तयारी चाललीय, आत्ता काही सांगता येत नाही. मग त्यांनी विचारलं, "पहिला मार बसल्यावर खेळत राहिले का?"

"चार मिनिटं," काका म्हणाले.

"कोणी खेळू दिलं?"

काकांनी तोंड उघडायच्या आत मुलगीच म्हणाली, "त्याने पाचही उत्तरं बरोबर दिली होती, डॉक्टर. बाबांनी स्वतः विचारली. बाबा त्यात फार कडक आहेत."

डॉक्टरीणबाईंनी काकांकडे एकदा बघितलं आणि त्या पडदा सारून आत गेल्या. आतून त्यांचा आवाज आला, "मला सांगा, आपण आत्ता कुठे आहोत?"

"आपलंच मैदान," जावयाचा आवाज आला. जड होता, पण थांबला नाही. पुढचं कोणी विचारलंही नाही, तरी तो म्हणत गेला. "दुसरा. त्यांचे. गिरणीवाले. हरलो."

संपलं की पुन्हा तेच सुरू झालं, त्याच क्रमाने.

मुलगी पडद्याकडे बघत राहिली. मग हळूच मान वळवून तिने बापाकडे बघितलं.

"तेव्हाही हेच सांगितलं होतं?"

"हो."

"बाबा, मागच्या वेळी आपण जिंकलो होतो."

"माहीत होतं मला," काका म्हणाले.