पान्याने आवळलेला फिल्टर

जळक्या ऑइलचा वास आला की मला जळगावचं आमचं अंगण दिसतं. गाडीचं ऑइल स्वतः बदललंस तरच धुळ्याच्या नोकरीवर एकटी गाडी नेशील, अशी माझ्या काकांची, म्हणजे नानांची, अट होती. मागच्या वेळी त्यांनीच पान्याने आवळलेला फिल्टर आता हलेना.

“काय माय, इंग्लिश शाळेत हे नाही शिकवलं?” नाना म्हणाले.

मी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी फिल्टरभोवती गुंडाळून पिळली. तो सुटला. गरम, काळं ऑइल कोपरापर्यंत ओघळलं, तरी मी हात काढला नाही.

नवा फिल्टर बसवताना नाना पाना घेऊन पुढे आले.

“पाना नको, नाना. हा हातानेच आवळायचा असतो.”

“आता आम्हाला शिकव!” चिडून ते आत गेले.

गाडीची किल्ली मी खुंटीवरून स्वतः काढून घेतली. तेव्हा ते उद्धटपणाचं वाटलं होतं. आता वाटतं, मी मागत बसले असते, तर अजून मागतच असते.