आगमनकाळातले बिनवाजंत्रीचे लग्न

कर्जतला आमची लुथरन मंडळी लहान होती. बहुतेक घरे रेल्वेवर पोट असलेल्यांची, काही दुष्काळात घाटावरून खाली उतरलेल्यांची, आणि दोनचार खालापूरकडच्या शेतकऱ्यांची. आमचे देऊळ, म्हणजे चर्च, ही एक कौलारू लांबट खोली होती. तिला मनोरा नव्हता. घंटा बाहेर आंब्याच्या फांदीला टांगलेली असे. पाद्रीसाहेब जर्मन होते. ते पुण्याच्या एका शास्त्र्यांकडे मराठी शिकले होते, त्यामुळे गाडीवानाशीसुद्धा पोथीतल्यासारखे बोलत. गाडीवान हसत, पण त्यांना मान देत.

माझे वडील घाटातल्या रुळांच्या टोळीत होते. मी मराठी शाळेत असतानाच ते गेले. पुढे माझे शिक्षण झाले ते पाद्रीसाहेबांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी इंग्रजी शाळेची पायरी चढले नव्हते. आई देवळाची झाडलोट आणि दिवाबत्ती पाही. धाकटी बहीण मिशनच्या शाळेत शिकून तिथेच लहान मुलांना अक्षरे शिकवीत असे. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी मी मुंबईला बी.ए.ची परीक्षा देऊन आलो होतो आणि निकालाची वाट पाहत घरी बसलो होतो.

नाताळाच्या आधीच्या चार रविवारांना आम्ही आगमनकाळ म्हणतो. प्रभू यायचा आहे, म्हणून मन झाडून ठेवायचे, असे पाद्रीसाहेब सांगत. वेदीवर जांभळे कापड येई. बैलगाडीचे एक जुने चाक आढ्यावरून दोरांनी टांगत, त्याला आंब्याचा पाला बांधत आणि त्यावर चार मेणबत्त्या उभ्या करीत. पहिल्या रविवारी एक लावायची, दुसऱ्या रविवारी दोन. उपासना संपली की त्या विझवायच्या, कारण त्याच मेणबत्त्या नाताळापर्यंत पुरवायच्या असत. आई त्यांना कधी फुंकर मारीत नसे. दिव्यावर तोंडाचा वारा घालू नये हे तिच्या अंगात मुरलेले होते. ती स्टुलावर चढून ज्योतीवर पितळेचे झाकण अलगद धरी.

या आठवड्यांत मुठीचे तांदूळही जमत. प्रत्येक घरी रोजच्या भाताला तांदूळ काढताना एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची आणि रविवारी ते मडके देवळात आणायचे. ते तांदूळ आजाऱ्यांकडे आणि डोंगरातल्या वाड्यांवर जात. पाद्रीणबाई बरोबर तापाचे औषध घेऊन जात आणि आम्ही पोते उचलायला जात असू. नवा भात नुकताच झोडपून झालेला असे, म्हणून त्या तांदळाला वास छान येई.

आणि या काळात देवळातला बाजा, म्हणजे पायपेटी, बंद असे. पाद्रीसाहेब पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी त्याला कुलूप लावत आणि नाताळाच्या सकाळी उघडत. गाणी आम्ही नुसत्या गळ्याने म्हणायचो. त्यांच्या मुलखात आगमनकाळात ढोल नाही, नाच नाही, थाटाची लग्ने नाहीत. इकडे तर तुळशीचे लग्न होऊन गेलेले, शेताची कामे आटोपलेली, आणि सगळ्या तालुक्यात लग्नांची धूम. भिसेगावकडून सनई ऐकू यायची, पळसदरीकडून ढोल. आम्ही मात्र बिनबाज्याची गाणी म्हणत बसायचो. याची सवय झाली होती, त्यामुळे तक्रार कोणाची नव्हती.

बहिणीचे लग्न ठरले होते ते नाताळानंतरचे. मुलगा आमच्याच मंडळीतला, खालापूरकडच्या गावचा, घाटात गाडीला मागून रेटा देणाऱ्या इंजिनावर कोळसा टाकायला होता. घरी त्याची फक्त आई होती. दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर तो आंब्याखाली थांबला आणि माझ्या आईला म्हणाला, "मामी, माजी बदली झाली. भुसावळला. नाताळाच्या आधी हजर व्हायचं हाय." मग म्हणाला, "लगीन झाल्यालं असलं तरच खोली मिळंल."

त्याची आई मागे उभीच होती. ती बोलायला मुलासारखी कमी नव्हती. "खोली गेली तर पोरगा चाळीत धा जनांत निजंल. ते मी हू देनार नाय. आता करा, नायतर पनवेलचं स्थळ आमच्या मागं लागलंच हाय."

आई म्हणाली, "विहीणबाई, आवो, आगमनकाळ हाय."

"तो तुमचा पाद्रीसाहेब बगंल."

पाद्रीसाहेबांकडे मी आणि त्या दोघी गेलो. ते बंगलीच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले, जरा विचार केला, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. ते म्हणाले, "आमच्या देशात अशा प्रसंगी आगमनकाळातही विवाह होतो, परंतु शांत. वाद्ये नाहीत, मिरवणूक नाही. आपण शनिवारी रात्री, सायंप्रार्थनेनंतर करू. चाकावरच्या मेणबत्त्या लावू. फक्त घरची माणसे. अतिशय सुंदर होईल."

विहीणबाई उठून उभ्या राहिल्या. "रातचं? मेनबत्तीत? आन् वाजंत्री नाय?" त्या माझ्या आईकडे वळल्या. "का वो, तुमची पोरगी आदी कुटं दिली व्हती काय? माजा पोरगा काय पाट लावतोय व्हय?"

आईचा चेहरा उतरला.

पाद्रीसाहेबांना काय झाले ते कळले नाही. विहीणबाई तावातावाने निघून गेल्यावर आणि आई त्यांच्या मागे गेल्यावर त्यांनी मला विचारले, "मी काय अशुभ बोललो?"

मी त्यांना समजावून सांगितले. आमच्याकडच्या शेतकरी जातींत विधवेचे दुसरे लग्न होऊ शकते, त्याला पाट म्हणतात. तो रात्रीच लावतात. वाजंत्री नसते, मांडव नसतो, मोजकी माणसे असतात. सकाळ होईपर्यंत त्या जोडप्याचे तोंड कोणी पाहत नाही. पाटाच्या बाईला घर मिळते, पण मान मिळत नाही. दुसऱ्यांच्या लग्नात नवरीला हळद लावायला तिला बोलावत नाहीत. मंडळीत आलो तरी आम्ही राहत होतो त्याच गावांत, त्याच नातलगांत. माझ्या बहिणीचे लग्न रात्री, गुपचूप, वाजंत्रीशिवाय लागले तर तिला सारा जन्म पाटाची म्हणतील, आणि ते खोटे आहे हे सांगत फिरायला कोणी जाणार नाही.

पाद्रीसाहेब म्हणाले, "माझ्या आईवडिलांचा विवाह आगमनकाळात झाला होता. रात्री, बर्फात, दोन मेणबत्त्यांच्या उजेडात. माझी आई त्याविषयी म्हातारपणापर्यंत बोलत असे. मला वाटले, मी तुमच्या बहिणीला चांगले काही देत आहे."

मी म्हणालो, "ते तिलाही कळेल."

घरी आलो तेव्हा बहीण सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. आईने तिला सांगितले होते हे उघड होते. तिने मान वर केली नाही. "दादा, मी थांबेन," ती म्हणाली. "भुसावळला खोली नसली तर नसू दे. पनवेलची केली तर केली. पण रात्री नको."

"आणि वाजंत्रीचं?"

"वाजंत्री नसली तरी चालेल." सूप खाली ठेवून ती म्हणाली, "पण मला लोकांनी बघितलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाद्रीसाहेब आमच्या खोपटात आले. असे ते फक्त कोणी आजारी असले तरच येत. विहीणबाई आदल्या दिवशी खालापूरला गेल्या नव्हत्या, आमच्याकडेच मुक्कामाला होत्या. रागावल्या होत्या, पण रात्री जेवल्या होत्या. पाद्रीसाहेब बाहेरच्या दगडावर बसले आणि दोघींकडे पाहून म्हणाले, "बाजा मी उघडू शकत नाही. तो नियम माझा एकट्याचा नाही. परंतु वेळ माझ्या हातात आहे. आपल्याला कोणती वेळ हवी?"

आई पटकन म्हणाली, "भर दुपार. उन्हात."

"कोणता वार?"

"बाजाराचा," विहीणबाई म्हणाल्या. "सगळा तालुका असतो."

पाद्रीसाहेबांनी मान हलवली. "आणि मिरवणूक नाही. देवळातून सरळ बैलगाडीत."

"गाडी कुटं उभी करायची ते तर आमचं आमी बगू ना?" आई म्हणाली.

ते तिच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "गाडी कोठेही उभी करा."

त्यानंतर दोघी विहिणी कामाला लागल्या. आदल्या दिवशी एकमेकींचे तोंड पाहत नव्हत्या, आता एका चुलीशी बसून भांडत होत्या. गाडी देवळाच्या मागच्या शेतवाटेला उभी करणे सोयीचे होते. विहीणबाईंनी ती स्टेशनाच्या पलीकडे, इंजिने उभी राहतात त्या आवाराच्या टोकाला ठेवायचे ठरवले. म्हणजे देवळातून निघून सगळा बाजार ओलांडून, स्टेशनाच्या कुंपणाशेजारून चालत जायला लागणार होते. आई म्हणाली, "लांब पडंल." विहीणबाई म्हणाल्या, "लांब पडावंच म्हनून ठेवली गं बाई."

बाजाराच्या दिवशी दुपारी लग्न लागले. चाकावरच्या दोन मेणबत्त्या लावल्या होत्या, पण उन्हात त्या दिसतही नव्हत्या. गाणे आम्ही नुसत्या गळ्याने म्हटले. पुरुषांनी सुरुवात जरा खाली धरली म्हणून बायकांना खाली उतरणे जमेना, तेव्हा मध्येच त्यांनी आपला सूर लावला आणि गाणे दोन सुरांत पूर्ण झाले. पाद्रीसाहेबांनी उपदेश लहान केला. दारातून बाजारातली माणसे डोकावत होती, टोपल्या डोक्यावर तशाच ठेवून. एक बाई मोठ्याने म्हणाली, "वाजंत्री कुटं हाय यांची?"

मग आम्ही निघालो. पुढे नवरानवरी, मागे दोघी विहिणी, मग मंडळी. पाद्रीसाहेब काळ्या झग्यातच शेवटी येत होते, मिरवणूक म्हणता येऊ नये म्हणून बरेच अंतर ठेवून. बहिणीने मंडळीच्या रिवाजाप्रमाणे पांढरे लुगडे नेसले होते. बाजारात सुकी मासळी, मिरची आणि नव्या मडक्यांचे ढीग यांमधून चालायला वाट नव्हती. लोक बाजूला होत आणि पाहत. कोणी हसले नाही. पण कोणी काही बोललेही नाही, आणि त्या शांततेने आईचा चेहरा ताठ होत चालला होता. पाट नाही हे लोकांना कळावे म्हणून आम्ही त्यांना दाखवत चाललो होतो, आणि लोक पाहत होते, पण त्यांना काय कळत होते ते आम्हाला समजत नव्हते.

स्टेशनाच्या कुंपणाशी आलो. आवारात मागून रेटा देणारी इंजिने वाफ धरून उभी होती. नवरा मुलगा तिकडे पाहतही नव्हता. तो सरळ पुढे चालला होता.

पहिल्या इंजिनाने शिट्टी दिली. लांब, घाटात शिरताना देतात तशी. तिचा आवाज संपतो न संपतो तोच दुसऱ्याने दिली, आणि मग दोन्ही एकदम. बाजारातली गुरे बिथरली, कोंबड्या टोपल्यांत फडफडल्या. मडकी विकणाऱ्या कुंभाराने दोन्ही हात मडक्यांवर धरले. इंजिनावरचे कोळसेवाले काळ्या तोंडांनी बाहेर वाकून फावडी लोखंडावर आपटत होते. टोपीवाला ड्रायव्हर एक हात शिट्टीच्या दोरीला लावून दुसऱ्या हाताने टोपी हलवत होता. शिट्ट्या थांबेचनात. बाजारातली पोरे ओरडायला लागली आणि मग मोठी माणसेही. गर्दी आमच्याबरोबर चालू लागली. बहीण पहिल्यांदाच हसली, आणि लगेच पदर तोंडावर घेतला.

आईने मागे वळून पाद्रीसाहेबांकडे पाहिले. मीही पाहिले. त्यांनी खिशातून घड्याळ काढले होते. त्याकडे बघत ते गंभीरपणे म्हणाले, "गाडीची वेळ झाली असेल."

घाटात जाणारी गाडी यायला अजून पुष्कळ अवकाश होता. मी नंतर नवऱ्या मुलाला विचारले, हे तू ठरवून ठेवले होतेस का. तोही म्हणाला, "गाडीची येळ झाली आसंल." त्यापेक्षा जास्त तो कधीच काही बोलला नाही.

माझा निकाल नाताळाच्या आधी लागला. मी पास झालो. पाद्रीसाहेबांनी नाताळाच्या सकाळी बाज्याचे कुलूप उघडायला किल्ली माझ्या हातात दिली. मंडळीतला पहिला बी.ए. म्हणून, असे ते म्हणाले. तो मान मी अजून विसरलो नाही. बहीण तेव्हा भुसावळला पोचली होती.

पुढच्या वर्षी भाताच्या झोडणीला ती सासरी खालापूरकडे आली तेव्हा मी तिला भेटायला गेलो. गावात भाऊबंदांची मुलगी द्यायची होती आणि मांडव पडला होता. मी ओट्यावर बसलो होतो. मांडवातून दोन बाया आल्या. त्यांतली एक दारातच थांबून विहीणबाईंना म्हणाली, "हळदीला सवाष्णी पायजेत. तुमची सून... तिचं लगीन कसं, रातचं लागलं व्हतं म्हनं?"

विहीणबाई सूप खाली ठेवून उठल्या. "रातचं? आगं, भर बाजारात लागलं. तुज्या लग्नाला सनईवाला तरी वेळेवर आलता का गं? माज्या सुनंच्या लग्नाला दोन इंजिनं वाजली. घाटातली! पळसदरीपतोर ऐकू गेलं. इचार जा."

ती बाई हसली. इंजिनांचे तिनेही ऐकले असावे, फक्त ते खरे की रात्रीचे खरे हे पाहायला ती आली होती. दुसरी बाई आत गेली आणि माझ्या बहिणीला हात धरून बाहेर घेऊन आली.

मांडवात नवरी पाटावर बसली होती. हळदीची वाटी आधी कोणाच्या हाती द्यायची यावर बायकांत थोडी कुजबुज झाली. मग ती माझ्या बहिणीच्या हातात दिली.