चाकांना खोळ

कायद्याला घाबरणारे हुबळीच्या बाजारात दुकानागणिक दोन सापडतील, पण कायद्यावर मनापासून माया करणारे आमचे मालक एकटेच. सगळा बाजार त्यांना अण्णा म्हणतो. सरकारी कागद आला की ते आधी हात धुतात, मग टोपी घालतात, मग पाकीट फोडतात. दुकानात कचऱ्याचे दोन डबे ठेवा असा हुकूम आला, तेव्हा त्यांनी आम्हा चौघा नोकरांची तोंडी परीक्षा घेतली, आणि माझं उत्तर चुकलं म्हणून दुसऱ्या दिवशी माझी फेरपरीक्षा. आग विझवायचं नळकांडं भिंतीला लागलं त्या आठवड्यात ते रोज शिट्टी वाजवून आम्हाला रस्त्यावर पळवत. एकदा आमच्यामागे एक नवरी मुलगी अंगावर शालू लावलेला तसाच घेऊन पळाली. मी नववी नापास होऊन वाशीमहून इकडे आलो तेव्हा कानडीचं अक्षर येत नव्हतं. अण्णांनी नाव विचारलं, गाव विचारलं, आणि लक्षात फक्त गाव ठेवलं. "ए वाशीम, जेवलास काय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. आज माझी लेक शाळेत जाते, तरी रोज दुपारी तोच प्रश्न.

सरकारच्याही वर अण्णांचा एक कायदा होता: गादीवर पादत्राण चालणार नाही. आमचं दुकान साड्यांचं, जुन्या पद्धतीचं. आत भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरी गादी, अण्णांच्या वडिलांनी भरून घेतलेली. एका फौजदारसाहेबांचे बूट निघेनात, तर अण्णांनी स्वतः खाली बसून नाड्या सोडल्या, "साहेब, मोजा फाटलाय" असं हळूच कानात सांगितलं आणि मगच इरकल दाखवलं.

गेल्या वर्षी लायसनच्या ऑफिसातून नोटीस आली. दुकान दोन महिन्यांत दिव्यांगांना येण्याजोगं करा, चाकाची खुर्ची रस्त्यावरून थेट माल दाखवतात तिथपर्यंत पोचली पाहिजे, नाहीतर लायसन पुढे चालू होणार नाही. हे दुकान बंद झालं तर मला दुसरं कोण ठेवून घेणार? रायापूरच्या खोलीवर जाऊन मी बायकोला सांगून टाकलं, गव्हाचं पोतं आत्ता आणू नको. अण्णा मात्र खूश. "एक फूट चढायला बारा फूट उतार," ते नोटिशीवर हात फिरवत म्हणाले. "बघ, कायदा किती मऊ असतो."

गोकुळ रोडच्या वेल्डरकडून बारा फुटी लोखंडी उतार आला. भाड्याची खुर्ची आली. तिच्यात मला बसवून अण्णा स्वतः ढकलायला लागले. चढताना ठीक झालं. उतरताना ब्रेक कुठं असतो हे वेल्डरला विचारायला त्यांनी दोन्ही हात सोडले, आणि मी रस्ता ओलांडून समोरच्या बांगड्यांच्या दुकानात जाऊन थांबलो. तिथल्या अक्का जागच्या हलल्या नाहीत. "बा तम्मा, ये भावा," म्हणाल्या, "हात दे, माप बघते."

खरा घोळ पुढे होता. चाक म्हणजे पाय की चप्पल? या प्रश्नापायी अण्णा चार दिवस धड जेवले नाहीत. पाचव्या दिवशी निकाल दिला: रस्त्यावरून येतं ते पादत्राण. म्हणून शिंप्याकडून चाकांना पांढऱ्या खोळी शिवून घेतल्या, नाडीसकट. तालीम झाली. खोळी घातलेली खुर्ची माझ्यासकट गादीत अशी रुतली, जशी तलावात म्हैस बसावी. तिघांनी ओढून काढलं. अण्णा म्हणाले, "सराव कमी पडतोय."

तपासणीला आठ दिवस असताना उतारावरून पहिली खरी खुर्ची वर आली. विद्यानगरच्या एक शिक्षिका, एकट्याच, चाकं स्वतःच्या हातांनी फिरवत. अण्णा खोळी घेऊन धावले आणि गुडघ्यांवर बसून नाडी आवळू लागले.

"हे काय चाललंय, अण्णा?"

"गादीवर पादत्राण चालत नाही, अक्का. राग मानू नका."

"पादत्राण कुठलं, माझे पाय आहेत ते," बाई हसत म्हणाल्या. "मोजे घालायचे तर घाला बापडे. पण पंधरा वर्षं मी तुमची गिऱ्हाईक आहे आणि गादी आज बघतेय. भाऊ वर यायचा, मी खाली रिक्षात."

अण्णा नाडी धरून तसेच बसून राहिले. मग बसल्याबसल्याच म्हणाले, "गादी उचला रे."

कोणी हललं नाही. ऐकण्यात काही चूक झाली असं आम्हाला वाटलं.

"वाशीम, कोपरा धर."

गादी गुंडाळली. खाली फुलाफुलांची फरशी निघाली, आम्हा कोणालाच माहीत नसलेली, आणि मूठभर टाचण्या. बाई खुर्ची घेऊन थेट कपाटापाशी गेल्या. एकेका घडीवरून हात फिरवत अर्धा तास होत्या, आणि शेवटी पोपटी साडी काढली. "मला खाली दरवेळी चॉकलेटी नाहीतर मोरपंखी यायची," त्या म्हणाल्या. "तुम्ही पोपटी ठेवता हे मला माहीतच नव्हतं."

तपासायला आलेल्या साहेबांनी चार मिनिटांत सही केली, पण अण्णांनी त्यांना खुर्चीत बसवून दोन फेऱ्या मारल्याशिवाय सोडलं नाही. लायसन आलं. माझी नोकरी राहिली. गादी पुन्हा घातली नाही. अण्णा आता लाकडी खुर्चीवर मांडी घालून अवघडून बसतात. पण दुकानापुढे रिक्षा थांबली की बोलणं अर्धं टाकून उठतात, खाली जाऊन रिक्षात डोकावतात आणि विचारतात, "आत कोण राहिलंय काय?" रिक्षावाले हसतात.

परवा असेच रिकाम्या रिक्षात डोकावून वर आले आणि मला म्हणाले, "त्या बाईंना खाली साड्या कोण नेत होतं रे?"

"मीच, अण्णा. गर्दीत हाताला लागतील त्या."

"पाठवत मी होतो," अण्णा एवढंच म्हणाले, आणि माझ्या हातातल्या साडीचं दुसरं टोक धरून घडी घालू लागले.